वाईडळ्यांची कॅसेट

प्रिय आई,

सून सासूला पत्र लिहिते तेव्हा तिला एकतर काही मागायचं असतं, नाहीतर काही लपवायचं असतं, असं तुम्हीच हसत म्हणायचात. आज मला लपवलेलं बाहेर काढायचं आहे. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, मागच्याच आठवड्यात वर्षश्राद्ध केलं. तेव्हा लिहायला हवं होतं, पण तेव्हा माझ्याजवळ ती कॅसेट नव्हती. आज सकाळी तळमजल्यावरच्या वाइडले आजोबांनी ती माझ्या हातात ठेवली. त्या दिवसाची कॅसेट!

आता दोन वाजलेत. सई शाळेतून पावणेचारला येईल. तोवर मला ठरवायचं आहे, की ही तिला ऐकवायची की कचऱ्यात टाकायची. मकरंद ऑफिसात आहे, त्याला फोन केलेला नाही. तुमचा मुलगा आहे तो. त्याच्याआधी तुम्हाला सांगावं असं वाटलं.

मी ती एकदा ऐकली. अक्षर बघा कसं आलंय, कोंबडीचे पाय! तुम्ही असतात तर पाठीवर हात ठेवून म्हणाला असतात, "मेधा, सावकाश. आणि दोनदा सांग."

सावकाश आणि दोनदा. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तुम्ही ट्रंक कॉल जोडलेत, तिथला हा मंत्र. लाईनीत खरखर असते, पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, म्हणून नाव सांगायचं ते पूर्ण, सावकाश आणि दोनदा. सईकडून तुम्ही हे इतकं घोकून घेतलं होतंत, की बेकरीत ब्रेड मागतानाही ती दोनदा सांगायची.

पण एक नाव तुम्ही कधी एकदाही सांगितलं नाहीत. बाबांचं. "हे", "मकरंदचे वडील", फारच झालं तर "आमच्याकडचे". उखाण्याची वेळ आली की तुम्हाला नेमका खोकला यायचा. वासुदेव नावाच्या माणसाचा कॉल आला की तो शेजारच्या खुर्चीवरच्या कमलताईंकडे सरकवायचा, ही गोष्ट तुम्ही मला लाजत लाजत सांगितली होतीत. मी किती हसले होते! बाबा जाऊन अकरा वर्षं झाली तरी तुमच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं.

आणि इथे गेर्लिंगेनला आमच्या दारावर तेच नाव!

मकरंदची करामत. घराच्या करारावर त्याने नाव लिहिलं ते दहावीच्या सर्टिफिकेटावर असतं तसं, आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. खासनीस मकरंद वासुदेव. जर्मन माणूस शेवटचा शब्द आडनाव धरतो. आम्ही राहायला आलो तेव्हा खालच्या बेलवर पाटी होती, 'वासुदेव'. या देशात फ्लॅटला नंबर नसतात. मुख्य दाराशी चोवीस बटणं आणि चोवीस आडनावं. आडनाव सापडलं तर माणूस सापडला, एवढाच हिशेब. चार वर्षं आम्ही वासुदेव म्हणून पार्सलं घेतली, कुणाचं काही अडलं नाही.

तुम्ही सप्टेंबरात आलात, बॅगा खाली ठेवल्यात आणि त्या पाटीवरून बोट फिरवत उभ्या राहिलात. मी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही गं. ह्यांनी आधीच येऊन जागा धरून ठेवलेली दिसतेय." त्या दिवसापासून बाहेरून आलं की आधी पाटीला हात आणि मग जिना. मी पाहिलं नाही असं वाटायचं का तुम्हाला? मी रोज बघायची.

मग वाइडले आजोबा. त्यांच्या दारावरून जाताना आतून खरखर ऐकू आली आणि तुम्ही थबकलात. "ही लाईन आहे! कुणीतरी लाईनीवर आहे आत!" मी ओढत नेलं तुम्हाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याच गेलात, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. जर्मनचा एक शब्द येत नव्हता, आणि दोन तास बसून आलात! आजोबांनी उभा जन्म टेलिफोनच्या तारा दुरुस्त केलेल्या. तुम्हा दोघांची भाषा तीच, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्याकडे तो स्कॅनर होता. अँब्युलन्स, फायरब्रिगेड, पोलीस, सगळ्यांचं बोलणं त्यात यायचं. भिंतीवर गावाचा नकाशा, आणि गाडी कुठे निघाली की आजोबा त्यावर टाचणी लावायचे. स्कॅनरसमोर जुना टेपरेकॉर्डर, मोठं काही झालं तर राहावं म्हणून सतत चालू. तुम्ही चार वाजले की खाली. त्यांना 'वाईडळे' करून टाकलंत, जणू वाईकडचे कुणी आहेत! ते तुम्हाला 'ओमा' म्हणायचे, आजीबाई. शब्द कळत नसले तरी आवाज कळायचे तुम्हाला. "आज एक बाई बोलत होती, अगदी शांत. ज्या अर्थी इतकी शांत, त्या अर्थी प्रकरण वाईट असणार." आणि खरंच तसं निघायचं.

बोलणं संपलं की तिथे 'कोमेन' म्हणतात, म्हणजे आता तुम्ही बोला. तुम्ही घरात सुरू केलंत. "चहा झालाय, कोमेन." सई पोट धरून हसायची.

आणि मी काय केलं? सांगते, सगळं सांगते.

नोव्हेंबरात आमचा कायमच्या परवान्याचा अर्ज होता. परदेशी लोकांच्या कचेरीत, त्या आउसलेंडर-आम्टात, मंगळवारची तारीख मिळाली होती. आठवडाभर माझी पाचावर धारण बसलेली. कागद नीट हवेत, सगळं एकसारखं हवं, कुठे बोट ठेवायला जागा नको! त्यातच कुणीतरी मला सांगितलं, की हा रेडिओ ऐकणं इथे गुन्हा आहे. यंत्र विकत घेता येतं, पण ऐकायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर पोलीसच उभे राहिले.

"आई, उद्यापासून खाली जायचं नाही."

"का गं? मी काय चोरी करतेय?"

"ऐकणं हाच गुन्हा आहे इथे."

"आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणं? त्याला काय म्हणतात इथे?"

"मला वाद नकोय, आई. आमच्या परवान्याचा प्रश्न आहे."

 भांडला असतात तर बरं झालं असतं हो! तुम्ही नुसतं हातातलं वाती वळणं पुढे चालू ठेवलंत आणि दुसऱ्या दिवसापासून खाली उतरायच्याच बंद झालात. फिरायलाही नाही. म्हणालात, पाय सुजलेत. मीही मानून घेतलं, सोयीचं होतं.

आता ते, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी इमारतीची देखभाल करणाऱ्या हाऊसमायस्टरला गाठून बेलवरची पाटी बदलून घेतली. पासपोर्टवर खासनीस, अर्जावर खासनीस, मग दारावर वासुदेव कसं चालेल? कुणी तपासायला आलं तर? कोण येणार होतं तपासायला, आई? पण चोराच्या मनात चांदणं! त्याने दोन स्क्रू काढले, नवी पाटी बसवली आणि जुनी माझ्या हातात दिली. मी ती शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली ठेवली.

तुम्हाला सांगितलं नाही. सांगणार होते, परवाना मिळाला की पेढे देताना. मकरंद गॅरेजमधून वर येतो, सई सायकल लावून मागच्या दाराने. कुणाला काही कळलं नाही. आणि तुम्ही खाली उतरतच नव्हतात. मीच उतरू दिलं नव्हतं.

मंगळवारी मकरंद कामासाठी बाहेरगावी, हेर्त्सोगेनआउराखला होता. मी त्या कचेरीत नंबरची चिठ्ठी धरून बसलेली, भिंतीवर मोबाईल बंद ठेवण्याची पाटी. मी नियम पाळणारी! फोन बंद. घरी तुम्ही आणि दहा वर्षांची सई.

मी बाहेर पडून फोन चालू केला तेव्हा घरचे तीन मिस्ड कॉल आणि मकरंदचे अकरा. हॉस्पिटलात पोचले तर सई कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर, पायात घरातल्या चपला. अँब्युलन्सवरचा एक जण माझ्याकडे आला आणि सौम्यपणेच म्हणाला, "आम्हाला आत यायला जरा वेळ लागला. मुलीने सांगितलेलं नाव बेलवर नव्हतं."

कुठलं नाव, हे मी विचारलं नाही. आई, माझ्या मनात तेव्हाच चमकून गेलं होतं. शिवणाचा डबाच दिसला मला. आणि म्हणूनच विचारलं नाही! उलट वळून त्या लेकरावर ओरडले. "नाव नीट सांगता येत नाही तुला? दारावर काय लिहिलंय ते माहीत नाही? एवढी आजीने शिकवलेली!"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

डॉक्टर म्हणाले होते, झटका इतका मोठा होता की दोन-चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. काही दिवस मला ते पटतं, काही दिवस नाही. सईला मी ते कधी नीट सांगितलंच नाही, कारण सांगायचं तर विषय काढावा लागला असता.

त्या दिवसापासून सई माझ्याशी मराठी बोलत नाही. कळतं सगळं, उत्तर जर्मनमध्ये. लोक म्हणतात, इथली सगळीच मुलं अशी होतात. मीही तेच म्हणते, हसून. शाळेच्या वहीवर नुसतं 'सई' लिहिते. पूर्ण नाव कुणी विचारलं की खाली बघते. वर्षभर मी हे बघतेय आणि वर्षभर तो डबा उघडलेला नाही. सईच्या फ्रॉकची उसवलेली बाही मी बाहेर देऊन शिवून आणली, हे खरं वाटेल तुम्हाला?

आज सकाळी दार वाजलं. वाइडले आजोबा. शनिवारी ते कोलोनला मुलीकडे कायमचे चाललेत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट पुढे केली. मी म्हटलं, आत या, कॉफी करते. आले नाहीत. उंबऱ्यापाशीच उभे राहून म्हणाले, "फ्राऊ खासनीस, त्या दिवशी मी थांबलो. मला कळलं होतं आणि मी थांबलो. ऐका, म्हणजे समजेल." आणि कठड्याला धरत खाली गेले.

मी ऐकली. आता तुम्हालाही ऐकवते.

सुरुवातीला नुसती खरखर. कुठल्याशा गाडीने पेट्रोल भरल्याचं सांगितलं. मागे आजोबांच्या स्वयंपाकघरात नळ वाहतोय, कपांचा आवाज. दोन कप, आई. आठवडाभर तुम्ही गेला नव्हतात, तरी त्यांनी दोन कप काढले.

मग कंट्रोल रूमचा माणूस. आपल्या रस्त्याचं नाव, आपला घर नंबर. बाई, वय अडुसष्ट, छातीत दुखतंय, श्वासाला त्रास. "चौथा मजला. फोनवर दहा वर्षांची मुलगी आहे, आजीजवळ एकटी. फार छान सांगतेय मुलगी." आणि मग, सावकाश, "बेलवर वासुदेव. पुन्हा सांगतो, वासुदेव. कोमेन."

मी तिथे कॅसेट थांबवली. उठून पाणी प्यायले. मग परत लावली.

म्हणजे सईने चुकीचं नाव सांगितलंच नव्हतं! बेलवर काय लिहिलंय, ते सांगितलं होतं. मोठ्या माणसालाही सुचणार नाही असं शहाणपण, की आपलं आडनाव नव्हे, बेलवरचं नाव सांगावं. चार वर्षं जे होतं, ते. चार दिवसांपूर्वी आईने ते गुपचूप उपटून डब्यात ठेवलंय, हे तिला कोण सांगणार होतं?

मग सहा मिनिटं दुसरंच. कुठेतरी एक ट्रक बंद पडलाय, कुणीतरी हसलं. मी ती सहा मिनिटं स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली. पुढे ढकलायचं बटण दाबलं नाही. आजोबा अजून आतच, चमचा ढवळल्याचा आवाज.

"पोचलो. बेलवर वासुदेव नाही. कोमेन."

"पुन्हा बघा. वासुदेव."

"दोनदा वाचल्या सगळ्या. नाही. दुसऱ्या दाबतोय, कुणी उघडत नाही."

दुपारची वेळ, सगळी इमारत कामावर! आपली खिडकी मागच्या अंगणाकडे, सईला गाडी दिसणार नाही. आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. आजोबा येऊन बसलेत. त्यांचा श्वास ऐकू येतो, अगदी माईकजवळ. "वासुदेव," ते पुटपुटतात. "ओमा."

उठा ना, आजोबा! मी खरंच मोठ्याने म्हणाले. दार तुमच्यापासून दहा पावलांवर आहे!

ते उठत नाहीत. "मुलीला विचारा," गाडीवाला म्हणतो. "मुलगी आता फोनवर नाही," कंट्रोल रूम सांगते. "लाईन बिझी लागतेय." बिझी का, माहीत आहे? सई मला फोन लावत होती. बंद फोनला, तीनदा.

आजोबांचा श्वास. "नाइन, नाइन," ते स्वतःशीच म्हणतात. नको, नको. मला आता कळतंय ते कशाला भीत होते. बेल वाजायच्या आधी दार उघडलं तर गणवेशातली माणसं विचारणार, तुम्हाला कसं कळलं? त्यांचा स्कॅनर आणि माझी पाटी. आम्ही दोघंही कायद्याला भिऊन बसलेली माणसं, आणि वर चौथ्या मजल्यावर तुम्ही.

मग खुर्ची पडते. धाडकन. पावलं, दाराची कडी, आणि खोली रिकामी. "दार उघडलं. शेजारी आहेत कुणी." गाडी पोचल्यापासून दार उघडेपर्यंत किती वेळ गेला, ते मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. दोन मिनिटं आणि वर दहा सेकंद. त्यानंतर कॅसेट संपेपर्यंत रिकाम्या खोलीत रेडिओ बोलत राहतो, आणि टेबलावर तुमची कॉफी असणार.

साडेतीन झाले. आई, ऐकवू का हो तिला? अकरा वर्षांची आहे. जखम भरत आली असेल तर मी ती पुन्हा उघडतेय का? की भरलीच नाही, नुसती वरून झाकली मी? असं विचारलं की तुम्ही नेहमी म्हणायचात, "लाईन खराब असली म्हणून निरोप द्यायचा नाही का?" मला उत्तर माहीत आहे. मला फक्त भीती वाटतेय तिच्या तोंडाकडे बघायची.

सायकल लावल्याचा आवाज आला. पेन ठेवते.

*

सात वाजलेत. मकरंद अजून यायचाय. सई आतल्या खोलीत आहे, दार उघडं ठेवून. नेहमी बंद असतं.

मी तिला आधी जेवू दिलं. मग शिवणाचा डबा टेबलावर आणला, बॉबिनांखालून पाटी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. शुक्रवार, हाऊसमायस्टर, परवाना. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, रडायचंही नाही. मग म्हटलं, "सई, तू बरोबर सांगितलं होतंस. चूक माझी होती." ती बघत राहिली. मी पुन्हा, सावकाश म्हटलं, "चूक माझी होती."

ती म्हणाली, "वाइस इश." मला माहीत आहे.

 माहीत आहे? त्याच दिवशी हॉस्पिटलातून, आजोबांकडे तेव्हा आलेल्या त्यांच्या मुलीच्या गाडीतून, सई पुढच्या दाराशी उतरली तेव्हा तिने दारावरची नवी पाटी वाचली होती. दहा वर्षांच्या पोरीने एका नजरेत सगळं जोडलं होतं आणि वर्षभर माझ्यापाशी शब्द काढला नव्हता!

"मग बोलली का नाहीस? मी एवढी ओरडले तुझ्यावर!"

तिने कॅसेट बघितली. "ती ऐकायचीय," म्हणाली. आम्ही ऐकली. 'फार छान सांगतेय मुलगी' आलं तेव्हा ती जराशी ताठ बसली. 'बेलवर वासुदेव' आलं आणि तिने माझा हात धरला. किती दिवसांनी! थांबवू का, विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. आजोबांची खुर्ची पडेपर्यंत हात सोडला नाही.

आणि मग, आई, ती मराठीत बोलली. तुटक, शब्द शोधत, अध्येमध्ये जर्मन. पण मराठीत.

"मी आधी खासनीस सांगितलं होतं. त्या माणसाने विचारलं, क्लिंगेलवर, म्हणजे बेलवर, तेच आहे? आणि मला काही आठवेना. काहीच आठवेना. मी आजीला विचारलं. आजी सोफ्यावर होती, तिला बोलता येत नव्हतं नीट. ती म्हणाली..."

इथे ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे.

"ती म्हणाली, वासुदेव. दारावर वासुदेव आहे. सांग त्यांना. सावकाश, दोनदा."

आई!

"मग ती हसली. आणि म्हणाली, मी नाव घेतलं, कुणाला सांगू नकोस हं. इश हाब्स फरश्प्रोखन, आई. मी वचन दिलं होतं."

 पन्नास वर्षं जे नाव तुम्ही ओठावर आणलं नाहीत, कमलताईंकडे सरकवलंत, खोकल्यात बुडवलंत, ते तुम्ही त्या क्षणी घेतलंत. बाबांच्या नावाने दार उघडेल म्हणून. आणि मी ते दारावरून काढलं होतं.

"पण हॉस्पिटलात तरी सांगायचंस ना," मी म्हटलं. "मी तुला रागावत होते तेव्हा."

ती म्हणाली, "आजी आत होती. मी सांगितलं असतं तर तू आत जाऊन तिला रागावली असतीस."

ती पोर बरोबर बोलली, आई. मी ते केलंही असतं. त्या घटकेला मला कुणावर तरी ओरडायचंच होतं. तुम्हाला माझ्यापासून वाचवायला ती खाली मान घालून गप्प बसली, आणि मग बसूनच राहिली. मी तिला जवळ घेतलं. खूप रडलो दोघी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पुरे आता, लाईन भिजेल.

नंतर ती म्हणाली, "वाईडळे आजोबांना पण सांगायला हवं." कॅसेटमध्ये तो श्वास तिनेही ऐकला होता. आम्ही तशाच खाली गेलो. खोलीत खोकी बांधलेली, भिंतीवर नकाशाची जागा पांढरी. सईने तिच्या स्वच्छ जर्मनमध्ये त्यांना सांगितलं, की बेलवरचं नाव बदललेलं होतं, आणि दार उघडलं ते तुम्हीच. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुमच्या नावाचा भाग तिने वगळला. वचन म्हणजे वचन.

मला तेवढं एक तिने सांगितलं, ते मीच विचारून विचारून काढलं म्हणून. तिला दोष देऊ नका.

आई, आता माझं वचन. उद्या सकाळी हाऊसमायस्टर यायच्या आत मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जाणार आहे. दोन आडनावांच्या पाट्या इथे कितीतरी असतात. वर खासनीस, खाली वासुदेव. कुणी विचारलं तर सांगीन, दोघं राहतात. यापुढे ओरडायच्या आधी 'कुठलं नाव' हे विचारीन, उत्तराची कितीही भीती वाटली तरी. मकरंदला आज रात्रीच सगळं सांगीन, पाटी, डबा, बंद फोन, काही लपवणार नाही. फक्त तुम्ही नाव घेतलंत, तेवढं सांगणार नाही. ते सईने वर्षभर सांभाळलं, आता आम्ही दोघी मिळून सांभाळू.

तुमची सून,
मेधा